शेवटचा हात

"मग माझ्यात कमी काय हाय, वस्ताद? ते तरी एकदा तोंडानं सांगा."

दस्तगीर वस्तादांनी पाव चहात बुडवला आणि तो गळून पडायच्या आत तोंडात टाकला.

"वस्ताद, मी काय इचारलं?"

"ऐकलं की."

"मग?"

"मग चहा घे. निवतोय."

भूपाल मगदूमनं कपाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. गडी तापलेला होता. सकाळपासून मनात घोळवलेलं सगळं त्याला आज एकदाचं बोलून टाकायचं होतं, आणि म्हातारा पाव खात बसला होता.

भूपाल एवढा का तापला होता, ते आधी सांगायला हवं.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या त्या गल्लीत इंजिनं बांधतात. बांधतात म्हणजे नवी करत नाहीत. झिजलेलं, धूर ओकणारं, चढावर मान टाकणारं जुनं इंजिन गाडीतून उतरवायचं, खोलायचं, त्याचे सिलिंडर लेथवर नव्यानं कापून घ्यायचे, त्यात जरा जाड पिस्टन आणि त्यांना वेढणाऱ्या नव्या रिंगा घालायच्या आणि सगळं परत जुळवायचं. याला म्हणायचं इंजिन बांधणं. नीट बांधलं तर मालक म्हातारा होईस्तोवर इंजिन हूं की चूं करत नाही.

आणि त्या गल्लीत एक रीत होती. ज्यानं इंजिन बांधलं त्यानं ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या धडाच्या, पायाशी आपली खूण मारायची. एक लहानसा पोलादी पंच, त्यावर हातोडीचा एक ठोका, बस्स. कुणाची चांदणी, कुणाचा त्रिशूळ, कुणाचं नुसतं अक्षर. पुढं कधी ते इंजिन दुसऱ्या मिस्त्रीनं खोललं, की तो आधी खूण बघायचा आणि मग पाना उचलायचा. चांगल्या माणसाची खूण दिसली तर डोक्याची टोपी सारखी करायचा. भलत्याची दिसली तर शिव्या देत कामाला लागायचा.

पण खूण आपली आपण मारायची नाही. ज्याच्या हाताखाली शिकलास त्यानं "मार" म्हणायला पाहिजे. त्याशिवाय खूण मारणाऱ्याकडे गल्लीतलं काळं कुत्रंसुद्धा इंजिन घेऊन जात नसे.

भूपालला ते "मार" हवं होतं.

पलीकडच्या बोळात त्यानं गाळा घेऊन ठेवला होता. 'भूपाल इंजिन वर्क्स' अशी पाटी रंगवून आली होती, ती वस्तादांच्याच कारखान्यात दाराआड, तोंड भिंतीकडे करून उभी होती. पंच तर त्यानं स्वतः घडवला होता. नुसता 'भू'. काय सुरेख वळणाचा उकार होता त्याचा! फडक्यात गुंडाळून तो शर्टाच्या खिशात बाळगायचा आणि दिवसातून दहादा चाचपायचा.

आणि पोरगं नुसतं हौशी नव्हतं हो, कामाला वाघ होतं. व्हॉल्व्ह बसवावेत तर त्यानं. गिअरची कुरकुर कानानं ओळखावी तर त्यानं. गिऱ्हाईक आता "भूपाल हाय का?" असंच विचारत यायचं. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं त्याच्या चालण्यात दिसायचं.

एकच काम वस्तादांनी त्याला कधी दिलं नव्हतं. सिलिंडरमधला शेवटचा हात.

लेथवरून ब्लॉक कापून आला की वस्ताद सगळ्यांना म्हणायचे, "जावा, चहा पिऊन या." सगळे जायचे. वस्ताद स्टुलावर बसायचे, घासायचा दगड तेलात भिजवून सिलिंडरमध्ये घालायचे आणि एकटेच काय ते करायचे. पोरं परत येईपर्यंत ब्लॉक साबणाच्या पाण्यानं धुऊन धुतलेल्या धोतराखाली झाकून ठेवलेला असायचा.

भूपालनं ते धोतर उचलून पाहिलं होतं. एकदा नव्हे, कैकदा.

आत ओरखडे होते. साऱ्या भिंतीवर, वरपासून खालपर्यंत, बारीक बारीक. आडवेतिडवे, एकमेकांना छेदून गेलेले.

भूपालला ते पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यानं धोतर घाईनं परत टाकलं होतं. वस्तादांचे डोळे गेले, असं त्याला वाटलं. हात थरथरतो आणि दगड फिरवताना ओरखडे उठतात, ते बिचाऱ्यांना दिसतच नाहीत. म्हणूनच सगळ्यांना चहाला पाठवतात. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. उलट कुणी धोतराकडे गेलंच तर तो मध्ये उभा राहायचा. एवढी माया त्याच्यात होती, हे मान्य करायला पाहिजे.

पण मायेच्या जोडीला दुसरंही काही होतं. मी हे काम यांच्यापेक्षा चांगलं करीन, असं तो रोज मनात म्हणायचा.

"बोला की, वस्ताद. काय कमी हाय?"

वस्तादांनी बशी पालथी घातली. मिशा पुसल्या.

"ती काळी गाडी बघितलीस? घोरपडे बाईंची?"

"बघितली."

"तिचं इंजिन घे. सगळं तूच कर. मी हात लावनार न्हाई."

"सगळं?"

"सगळं."

"आणि... शेवटचा हात?"

"तोबी तुझाच."

भूपालनं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

*

घोरपडे बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतलेली. ते गेल्यावर बाई स्वतः चालवायला शिकल्या. थोरली बहीण पन्हाळ्यावर एकटी राहायची, गुडघ्यांनी अधू. तिला भेटायला बाई आठवड्याला गड चढायच्या. आता गाडी चढावर थांबत होती आणि बहीण वर वाट बघत होती. त्यामुळे बाई रोज कारखान्यात येऊन बाकावर बसायच्या आणि वर्गावर असल्यासारखी नजर ठेवायच्या.

"दस्तगीर, हे इंजिन आधी तूच बांधलं होतंस ना?"

"व्हय बाई. तवा सायेब होते. माझी दाढी काळी होती."

"मग आता तूच बांध की."

"आता भूपाल बांधनार. आनि बाई..." वस्ताद जरा पुढं झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "एखादवेळी परत यावं लागंल. राग धरू नका."

बाईंनी चष्म्यावरून भूपालकडे पाहिलं आणि मान डोलावली. पोरांना एकदा चुकू द्यावं लागतं, हे त्यांना काही नवीन नव्हतं.

भूपालला यातलं काही ऐकू गेलं नाही. तो इंजिन खोलण्यात गर्क होता.

वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं. पिस्टन ठोकून वर काढले. रिंगा झिजून पत्र्यासारख्या झाल्या होत्या. सिलिंडर वरच्या बाजूला चांगलेच झिजले होते. बोट फिरवलं की कडेला पायरी लागायची. इतक्या वर्षांत रिंगा वरखाली, वरखाली होऊन होऊन त्यांनी लोखंड खाल्लं होतं.

आता इथं एक गंमत होती. वस्तादांनी बांधलेल्या इंजिनांवर खूण नसते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कुणी म्हणायचं, विसरतात. कुणी म्हणायचं, आहे, पण आत कुठंतरी लपवून मारतात. भूपालनं ब्लॉक रॉकेलनं धुतला, बॅटरी लावली आणि सगळीकडे शोधलं. पायाशी बघितलं, पोटाखाली बघितलं, पाण्याच्या वाटांमध्ये बोट घालून बघितलं. कुठं काही नाही.

सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथवर रिंगा कधी पोचतच नाहीत, तिथं मात्र बोटभर पट्टा जुनाच शाबूत राहिला होता. आणि त्या पट्ट्यावर तेच ओरखडे होते. आडवेतिडवे, छेदून गेलेले.

"च्यायला," भूपाल स्वतःशीच हसला. "तेव्हापास्नंच व्हय?"

काळ्या दाढीच्या माणसाचे डोळे कसे गेलेले असतील, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पडलाही असेल. पण माणसानं एकदा ठरवलं की प्रश्नाला कोण विचारतो? घाईत राहिले असतील, असं म्हणून त्यानं ब्लॉक लेथवर नेला. लेथच्या पात्यानं वरची पायरी गेली, झीज गेली, आणि तळचा तो पट्टाही गेला.

मग शेवटचा हात.

भूपालनं कुणाला चहाला पाठवलं नाही. बघू दे की सगळ्यांना! आधी दगड फिरवला. त्यानं उठलेले ओरखडे पाहून तोंड वाकडं केलं. मग जाडा पॉलिश पेपर घेतला, मग मधला, मग अगदी मऊ. मग पेस्ट, मग फडकं, मग हरणाच्या कातड्याचा एक तुकडा, जो त्यानं या दिवसासाठीच जपून ठेवला होता. मनगट सुजलं तरी तो थांबेना.

वस्तादांचं आडनाव शिकलगार. त्यांचे वाडवडील तलवारींना पाणी द्यायचे, अशा घासायचे की म्हणे तलवारीत बघून पागोटं बांधावं. भूपालला ते आठवत होतं. वस्तादांच्या घराण्याची कला वस्तादांच्या हातून गेली, ती मी परत आणून देतो, असं त्याच्या मनात होतं. त्याचा ऊर भरून आला होता, खोटं कशाला बोला.

सिलिंडर आरशासारखे झाले.

"वस्ताद, या. बघा जरा."

वस्ताद आले. कमरेवर हात ठेवून वाकले. पुष्कळ वेळ बघत राहिले.

"कसं झालंय?"

"शिकलगाराच्या घरचं काम केलंस."

भूपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढं कौतुक वस्तादांनी जन्मात कुणाचं केलं नव्हतं.

"बसव रिंगा," वस्ताद म्हणाले आणि बाहेर गेले.

*

इंजिन पहिल्याच फटक्याला सुरू झालं.

आवाज असा, की गल्लीतली माणसं पाने हातात घेऊन बघायला आली. कुणीतरी बॉनेटवर चहाचा कप ठेवला. चहा हलला नाही. "भूपाल, जिंकलंस लेका!" म्हणून शेजारच्या मिस्त्रीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

भूपालनं खिशातून फडकं काढलं आणि पंच बाहेर घेतला.

"मारू, वस्ताद?"

वस्ताद इंजिनाकडे बघत होते.

"रिंगा बसवल्यास?"

"बसवल्या की."

"बसल्या का?"

"आत्ताच म्हटलं नव्हं, बसवल्या म्हणून."

"ते ऐकलं. बसल्या का, म्हणून इचारतोय."

बघणारे हसले. भूपालला वाटलं, म्हाताऱ्याला आता नीट ऐकूही येत नाही.

"बाईंस्नी पन्हाळ्याला घिऊन जा," वस्ताद म्हणाले. "चढावर आरशात बघ. मग काय मारायचं ते मार."

गाडी बाईच चालवत होत्या. भूपाल शेजारी बसला होता आणि पंच मुठीत होता. सपाटीवर गाडी पाण्यासारखी गेली. बाई खूश होत्या, बहिणीसाठी घेतलेली बर्फी मांडीवर होती. वाघबीळ मागं पडलं आणि चढ सुरू झाला.

"भूपाल, मागं काही जळतंय का रे?"

भूपालनं आरशात पाहिलं.

निळा धूर. मागचा रस्ता दिसत नव्हता. मागून येणारा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि ओव्हरटेक करताना त्यानं काय तोंड केलं ते सांगण्यासारखं नाही.

"नवीन हाय बाई. पहिल्यांदा थोडं तेल जाळतंयच."

"असं का," बाई म्हणाल्या.

वर बहीण काठी टेकत फाटकाशी आली होती. "काय गं," ती म्हणाली, "चूल पेटवूनच आलीस वाटतं?"

थोडं तेल जाळतंच, हे खरं होतं. पण ते थांबायला हवं होतं. पुढच्या खेपेला थांबलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तेल मोजायची पट्टी दर वेळी कोरडी निघत होती.

भूपालनं सगळं तपासलं. व्हॉल्व्ह बघितले, पॅकिंग बघितलं. रिंगा उलट्या तर घातल्या नाहीत ना, मापं तर चुकली नाहीत ना, म्हणून पुन्हा पुन्हा डोकं खाजवलं. मापं केसाएवढीही चुकली नव्हती. गल्लीनं गाडीला 'धुराडं' म्हणायला सुरुवात केली. दाराआडची पाटी बघवेना म्हणून त्यानं तिच्यावर पोतं टाकलं. भाकरी गोड लागेना. आपण एवढं चांगलं केलं आणि हे असं का झालं, याचा त्याला खरंच राग आला होता. रडूही येत होतं, पण राग बरा म्हणून तो रागावत होता.

शेवटी तो वस्तादांसमोर येऊन उभा राहिला.

"रिंगाच खोट्या हायत."

"हं."

"माझ्या कामात काय चूक न्हाई. तुम्ही बघितलंय. तुम्हीच म्हनालात की, शिकलगाराच्या घरचं काम म्हणून."

"म्हनलो."

"मग?"

"खोल," वस्ताद म्हणाले.

*

हेड परत उतरलं. पिस्टन परत वर आले.

वस्तादांनी फडक्यानं एक सिलिंडर पुसला. "आत बघ. काय दिसतंय?"

"काय न्हाई. एक ओरखडा न्हाई."

"नीट बघ."

भूपालनं बॅटरी धरली आणि वाकला. गोल भिंतीत वेडावाकडा लांबट चेहरा होता. तारवटलेले डोळे होते.

"काय दिसतंय?"

"माझं तोंड."

"आनि?"

"आनि... काय न्हाई. तोंडच."

"हात दे."

"काय?"

"हात, हात. उजवा."

भूपालनं हात पुढं केला. वस्तादांनी तो मनगटाशी धरला, दुसऱ्या हातानं तेलाची बुधली उचलली आणि तळव्यावर तेल ओतलं. मग त्याच बुधलीनं सिलिंडरच्या भिंतीवर ओतलं. फडकं घेतलं. आधी भिंत पुसली, एकच हात, वरून खाली. मग तळवा पुसला, तसाच एक हात.

"बघ."

भिंत कोरडी ठणठणीत होती. भूपालचं तोंड पुन्हा तिच्यात दिसत होतं.

त्यानं तळव्याकडे पाहिलं. तळवा पुसला होता, पण रेघांमध्ये तेल होतं. लांब रेघांत, त्यांना छेदणाऱ्या आखूड रेघांत, पान्यानं पडलेल्या भेगांत. सगळीकडे चमकत होतं.

तेल धरायला रेघच नसेल तर रिंगा भिंतीशी घासून बसतील कशा, हे भूपालला आता दिसलं. त्यानं बोटं मिटली, परत उघडली. तेल तिथंच होतं.

"वस्ताद..."

"हं."

"जुन्या भिंतीवर, अगदी खाली, थोडे ओरखडे राहिले होते. तुमच्या हातचे."

"काय केलंस त्यांचं?"

"काढून टाकले."

वस्तादांनी फडकं घडी घालून खांद्यावर टाकलं.

"मला वाटलं तुमचे डोळे गेले," भूपाल म्हणाला. "इतकी वर्षं मला तेच वाटत हुतं. धोतर उचलून बघायचो. कुणाला दिसू नये म्हणून मधी उभा ऱ्हायचो. मला लाज वाटायची, वस्ताद. तुमची."

आता काहीतरी कानाखाली बसेल, असं त्याला वाटलं. बसलं असतं तर बरं झालं असतं.

वस्ताद खो खो हसले. इतके, की ठसका लागला.

"गेलेतच की डोळे! म्हनून तर बोटानं बघतोय." हसता हसता त्यांनी फळीवरून घासायचा दगड उचलला आणि भूपालच्या तेलकट हातात दिला. मग बाहेर तोंड करून ओरडले, "चला रं, चहाला! सगळे चला. भूपालला ऱ्हाऊ दे."

कारखाना रिकामा झाला.

भूपाल स्टुलावर बसला. दगड तेलात बुडवला आणि सिलिंडरच्या तोंडाशी नेला... पण आत घालवेना. घासून घासून सुजलेलं मनगट, ते कातडं, तो लखलखाट. स्वतःच्या हातानं केलेलं स्वतःच्या हातानं ओरबाडायचं म्हणजे काय थट्टा आहे? आतून त्याचं तोंड त्याच्याकडे बघत होतं.

"बघतंस काय?" भूपाल त्याला म्हणाला, आणि दगड आत घातला.

पहिला ओरखडा उठला तेव्हा त्याचे दात शिरशिरले. दुसरा पहिल्याला छेदून गेला. दगड फिरवता फिरवता खाली न्यायचा, फिरवता फिरवता वर आणायचा. सावकाश केलं तर रेघा आडव्या पडायच्या, घाई केली तर उभ्या. हळूहळू हाताला चाल सापडली. तोंड आधी पुसट झालं, मग तुकडे तुकडे झालं, मग गेलं. राखाडी, खरबरीत, शांत भिंत राहिली. भूपाल एक एक सिलिंडर करत गेला आणि कधीतरी मध्येच त्याचं मन निवलं. का ते त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं ब्लॉक साबणाच्या पाण्यानं धुतला. पुसून कोरडा केला, तेलाचा हात फिरवला, आणि धोतरानं झाकला.

वस्ताद परत आले. त्यांनी धोतर उचललं नाही. नुसता हात खाली घातला. नखानं भिंत चाचपली. आडवी, उभी, तळापर्यंत.

"बांध," ते म्हणाले.

*

या वेळी बघायला कुणी आलं नाही. बॉनेटवर कप ठेवला नाही.

रिंगा नव्या घातल्या. इंजिन सुरू झालं, आवाज मागच्यापेक्षा जरा भरडच होता. भूपालनं खिशाला हात लावला नाही. बाईंना निरोप धाडला, बाई आल्या, दोघं पन्हाळ्याला निघाली.

"वस्ताद म्हणाले चढावर भ्यायचं न्हाई," भूपालनं बाईंना सांगितलं. "दाबून चालवायची."

"मी कधी भ्याले?" बाई म्हणाल्या आणि खरंच दाबली.

पहिल्या वळणाला धूर होता. भूपालचा जीव डोळ्यांत गोळा झाला. दुसऱ्या वळणाला होता, पण विरळ. पुढच्या खेपेला त्याहून विरळ. इंजिनाचा भरड आवाजही खेपेगणिक मऊ होत गेला. भूपाल काही करत नव्हता, नुसता बसून होता. आतल्या आत रिंगा आणि भिंत एकमेकांशी जुळत चालल्या होत्या, घासून, सोसून, आपल्या सवडीनं.

मग एका सकाळी चढाच्या ऐन मध्यावर बाईंनी आरसा सारखा केला.

"भूपाल, आज मागचा रस्ता दिसतोय रे."

भूपालनं वळून पाहिलं. रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, मागून एक म्हैस रस्ता ओलांडत होती तीही दिसत होती. त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. बाईंनी बर्फीचा एक तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

फाटकाशी बहीण काठी टेकून उभी होती. "आज आवाजच नाही आला," ती कुरकुरली. "मी चहा टाकला नाही अजून."

परत आल्यावर भूपाल गाडीतून उतरला तो थेट वस्तादांकडे गेला. वस्ताद बाकावर बसले होते, समोर चहा, हातात पाव.

"वस्ताद. बसल्या."

"काय?"

"रिंगा. बसल्या."

वस्तादांनी पाव चहात बुडवला.

"तुम्ही तवा इचारलं हुतं. मला वाटलं तुम्हाला ऐकू येईना झालं."

"तेबी कमीच येतंय आता," वस्ताद म्हणाले.

भूपाल तिथंच घुटमळला. मग बॉनेट उघडलं, वाकला, ब्लॉकच्या पायाशी मिस्त्री खूण मारतात ती जागा फडक्यानं स्वच्छ पुसली. खिशातून पंच काढला. हातोडी घेतली. पंच लोखंडावर टेकवून तो थांबला.

"वस्ताद, आता मारू?"

वस्ताद उठले. कमरेवर हात ठेवून सावकाश दारापर्यंत गेले. दाराआडच्या पाटीवरचं पोतं काढून त्यांनी झटकलं. मग पाटी दोन्ही हातांनी धरली, फिरवली, आणि तोंड गल्लीकडे करून भिंतीला टेकवून ठेवली.

"सांगा की, वस्ताद. खूण मारू का?"

"आत मारलीस की, लेका. आता कितींदा मारनार?"